प्राणवायूची कोठी आणि लोहाची गोळी

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उपयुक्तता आणि मूल्य यांतील भेद समजावून सांगताना हवेचा दाखला हमखास दिला जातो. हवेवाचून माणूस काही मिनिटांपलीकडे जगू शकत नाही. तरीही तिला बाजारभाव नाही, कारण ती सर्वांना सर्वत्र अमर्याद उपलब्ध आहे. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केलेला हा दाखला २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या डोळ्यांदेखत खोटा ठरला. राज्यात प्राणवायूचे उत्पादन दिवसाला सुमारे साडेबाराशे टन होते आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे गेली होती. १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन एक रेल्वेगाडी प्राणवायू आणण्यासाठी विशाखापट्टणमला रवाना झाली. दोनच दिवसांनी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, नळ्यांतील दाब घटला आणि किमान २२ रुग्ण दगावले.

ते दिवस सरले, पण त्यांनी मागे ठेवलेली भीती सरली नाही. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायूचा आकडा पाहण्याची सवय ज्या समाजाला एकदा लागली, त्याच्या मनात 'प्राणवायू अधिक म्हणजे आरोग्य अधिक' हे समीकरण पक्के बसले तर नवल नाही. भीती हा मागणीचा सर्वांत जुना उगम आहे, आणि मागणी निर्माण झाली की पुरवठा मागे राहत नाही. मोठ्या शहरांतून आता रोग्यांखेरीज निरोगी माणसांनाही दाबाखालील प्राणवायू घेण्याचे निमंत्रण दिले जात आहे. थकवा जाईल, झोप सुधारेल, कातडी तजेलदार होईल, शस्त्रक्रियेनंतरची वा आजारानंतरची झीज लवकर भरून येईल, वार्धक्य लांबेल, अशी आश्वासने त्यासोबत असतात. या उपचाराचे नाव हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी, म्हणजेच अतिदाब प्राणवायू उपचार.

या आश्वासनांची परीक्षा पुण्या-मुंबईच्या श्रीमंत वस्तीत करण्यापेक्षा अक्कलकोट तालुक्यातील दुधनीसारख्या गावी उभे राहून करावी, हे अधिक न्यायाचे होय. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, कर्नाटकाच्या सीमेला खेटलेले, घरात कन्नड आणि कचेरीत मराठी बोलणारे हे बाजाराचे गाव. येथील शिक्षकाच्या, कारकुनाच्या किंवा अडत दुकानातील मुनिमाच्या हातातील भ्रमणध्वनीवर तीच जाहिरात येते, जी पुण्यातील उद्योगपतीच्या हातात येते. फरक एवढाच, की उद्योगपतीने चूक केली तर त्याचे पैसे जातात. मुनिमाने चूक केली तर त्याच्या मुलीचे शिक्षण अडते.

उपचाराची खरी योग्यता

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे, की हा उपचार थोतांड नव्हे. त्याला शास्त्राचा भक्कम आधार आहे, आणि तो आधार समजून घेतला तरच त्याची मर्यादाही समजते.

रक्त प्राणवायू दोन प्रकारे वाहून नेते. मोठा वाटा हिमोग्लोबिनचा. दुधनीच्या माणसाला हे मालगाडीच्या उदाहरणाने सहज कळेल. हिमोग्लोबिन म्हणजे गाडीच्या वाघिणी. शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे चौदा ग्रॅम हिमोग्लोबिन असेल, तर त्यावर अठरा-एकोणीस मिलिलिटर प्राणवायू लादला जातो. निरोगी माणूस साधी हवा घेत असतानाच या वाघिणी शेकडा सत्त्याण्णवपर्यंत भरलेल्या असतात. फलाटावर तुरीची आणखी कितीही पोती आणून टाकली, तरी भरलेल्या वाघिणीत ती मावत नाहीत. दुसरा वाटा रक्तद्रवात विरघळून जाणाऱ्या प्राणवायूचा. साध्या हवेत तो जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. गाडीच्या जोडीने डोक्यावर पोते घेऊन चालणाऱ्या हमालाएवढा.

अतिदाब उपचार वाढवतो तो हा दुसरा वाटा. द्रवावरील वायूचा दाब वाढला की त्याच प्रमाणात वायू अधिक विरघळतो, हा विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०३ साली मांडलेला नियम. रोग्याला बंद कोठीत ठेवून दाब वातावरणाच्या तिप्पट केला आणि शुद्ध प्राणवायू दिला, तर विरघळलेला प्राणवायू सुमारे सहा मिलिलिटरपर्यंत जातो. विश्रांत शरीराची गरज जवळपास तेवढीच असते. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद ईटे बोएरेमा यांनी १९६० मध्ये डुकरांच्या रक्तातील हिमोग्लोबिन जवळजवळ काढून टाकून, केवळ विरघळलेल्या प्राणवायूवर ती काही काळ जिवंत राहतात, हे दाखवून दिले. आधुनिक अतिदाब वैद्यकाची पायाभरणी या प्रयोगांनी केली.

त्याची खरी क्षेत्रेही ठरलेली आहेत. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. त्यावर दाबकोठीसारखा दुसरा इलाज नाही. म्हणूनच भारतीय नौदलाने मुंबईच्या अश्विनी रुग्णालयातील आपल्या वैद्यक संस्थेत ही विद्या जोपासली. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडल्यानंतर समुद्रतळाशी काम करणाऱ्या पाणबुड्यांसाठीही तिची गरज निर्माण झाली. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, वायुजन्य कोथ, रक्तवाहिनीत शिरलेला हवेचा बुडबुडा, कर्करोगावरील किरणोपचाराने पुढे उद्भवलेली इजा, एकाएकी आलेले बहिरेपण, मधुमेह्याच्या पायाच्या काही न भरणाऱ्या जखमा अशा चौदा-पंधरा अवस्थांची यादी या शास्त्राच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक संघटनेने मान्य केली आहे. 'सर्वसाधारण स्वास्थ्य' हा शब्द त्या यादीत नाही.

मान्य यादीतही सर्व काही निर्विवाद आहे, असे नव्हे. मधुमेह आणि रक्तपुरवठ्याची कमतरता यांमुळे पायाला जखम झालेल्या १२० रुग्णांवर नेदरलँड्समध्ये केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांना अतिदाब प्राणवायूची जोड दिल्याने जखम भरण्यात किंवा पाय वाचण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. ज्या रोग्याला खरोखर जखम आहे, त्याच्याबाबतीत शास्त्र इतके सावधपणे बोलते. ज्याला जखमच नाही, त्याच्याबाबतीत जाहिरात मात्र निःशंकपणे बोलते.

निरोगी माणसाला काय मिळते?

स्वास्थ्यासाठी या उपचाराची भलामण करणारे २०२० मध्ये इस्रायलमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा आधार घेतात. चौसष्ट वर्षांवरील पस्तीस निरोगी व्यक्तींना साठ बैठका दिल्यानंतर रक्तातील काही पेशींच्या गुणसूत्रांची टोके वीस टक्क्यांहून अधिक लांबली, असा त्याचा निष्कर्ष होता. लगेच 'वार्धक्य उलटले' असा गाजावाजा झाला. परंतु या अभ्यासात तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट नव्हता, आणि गुणसूत्रांची टोके लांबणे म्हणजे आयुष्य लांबणे नव्हे. शेतात खत टाकले आणि त्याच वर्षी पाऊसही चांगला झाला, तर पीक खताने वाढले की पावसाने, हे शेजारचे बिनखताचे शेत पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. एवढा विवेक दुधनीच्या शेतकऱ्याला असतोच.

बिनखताचे शेत पाहिले तर काय दिसते, याचे उत्तर अमेरिकी सैन्याच्या एका चाचणीने २०१५ मध्ये दिले. डोक्याला मार बसल्यानंतर दीर्घकाळ डोकेदुखी, निद्रानाश, विस्मरण यांनी त्रस्त असलेल्या ७२ सैनिकांचे तीन गट केले गेले. एका गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. दुसऱ्याला कोठीत चाळीस बैठका खरा अतिदाब प्राणवायू दिला गेला. तिसऱ्यालाही कोठीत तेवढ्याच बैठका मिळाल्या. मात्र तेथे किंचित दाब वाढवून साधी हवाच सोडलेली होती. कोठीत बसलेल्या दोन्ही गटांना बरे वाटू लागले. आणि त्या दोघांमध्ये, प्राणवायू मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत, फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष मनन करण्याजोगा आहे. सैनिक खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच बरे वाटले. ते कशाने वाटले, याचे उत्तर निश्चितपणे देता येणार नाही; पण रोज ठरावीक वेळी शांतपणे पडून राहणे, कोणीतरी आस्थेने विचारपूस करणे आणि बरे होण्याची आशा बाळगणे, या तीन गोष्टी दोन्ही गटांना सारख्याच लाभल्या होत्या. 'मला गुण आला' हा ग्राहकाचा दाखला प्रामाणिक असूनही उपचाराचा पुरावा का ठरत नाही, हे यातून उमगते.

स्वास्थ्याच्या नावाखाली अनेकदा तंबूसारख्या मऊ पिशव्या वापरल्या जातात. त्यांत दाब वातावरणाच्या जेमतेम १.३ पट असतो. अशा पिशवीत साधी हवा घेणे म्हणजे बाहेर बसून एकवीसऐवजी सुमारे सत्तावीस टक्के प्राणवायू असलेली हवा घेणे. विरघळलेला प्राणवायू ०.३ मिलिलिटरवरून अर्ध्या मिलिलिटरपर्यंतही पोहोचत नाही. आत नळीने प्राणवायू सोडला तर आकडा वाढतो; परंतु त्याच्या आसपास पोहोचण्यास साध्या खोलीत घट्ट मुखवट्याने दिलेला शुद्ध प्राणवायूही पुरतो. बोएरेमांच्या प्रयोगाची पुण्याई सांगून ही पिशवी विकणे म्हणजे आगगाडीचे तिकीट घेऊन हातगाडीवर बसवणे होय.

क्लीव्हलँडचा पोलादी गोळा

यात नवीन काही नाही. अमेरिकेतील कॅन्सास सिटीचे डॉक्टर ऑर्व्हल कनिंगहॅम यांनी १९२० च्या दशकात मधुमेह, कर्करोग आणि उपदंश अशा परस्परांशी संबंध नसलेल्या रोगांवर दाबाखालील हवेचा उपचार सुरू केला. हेन्री टिमकेन या उद्योगपतीच्या पैशातून १९२८ मध्ये क्लीव्हलँड येथे त्यांच्यासाठी पाच मजली, चौसष्ट फूट व्यासाचा पोलादी गोळा उभा राहिला. आत निजण्याच्या खोल्या, गालिचे, भोजनगृह, सारे काही. तेथील वैद्यक संघटनेने वारंवार पुरावा मागितला. तो कधीच पुढे आला नाही. काही वर्षांतच ते रुग्णालय बंद पडले, आणि १९४२ मध्ये युद्धकाळातील पोलादाच्या गरजेपायी तो गोळा भंगारात गेला. भव्य वास्तू, श्रीमंत आश्रयदाता आणि बरे वाटलेल्यांचे दाखले हे तिन्ही हाताशी होते. उणीव होती ती फक्त तुलनात्मक पुराव्याची.

त्यातच ही कोठी निरुपद्रवी नाही. कानाच्या पडद्याला इजा होणे ही नेहमीची तक्रार. दृष्टी काही काळ बदलते, क्वचित झटके येतात, फुप्फुसाचा विशिष्ट विकार असणाऱ्याला ती प्राणघातक ठरू शकते. शुद्ध प्राणवायूत ठिणगीचा वणवा व्हायला क्षण पुरतो. इटलीत मिलान येथील रुग्णालयात ३१ ऑक्टोबर १९९७ रोजी कोठीला लागलेल्या आगीत अकरा जण दगावले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील मिशिगन राज्यात ट्रॉय येथे, रुग्णालयाबाहेरील एका खासगी केंद्राच्या कोठीत, पाच वर्षांचे मूल जळून मरण पावले. जीव वाचवण्यासाठी धोका पत्करणे समजू शकते. ताजेतवाने वाटावे म्हणून तो का पत्करावा?

अज्ञानाची किंमत

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले, की आरोग्यसेवेचा बाजार भाजीबाजारासारखा चालत नाही. वांगे किडके निघाले तर गृहिणी दुसऱ्या दिवशी विक्रेता बदलते. उपचाराच्या बाबतीत विकणाऱ्याला सारे ठाऊक असते आणि घेणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही. घेतल्यानंतरही तो उपयोगी पडला की नाही, हे त्याला कळत नाही. रोगी बरा झाला तर श्रेय उपचाराचे. न झाला तर बैठका कमी पडल्या. 'स्वास्थ्य' या शब्दाने ही विषमता आणखी वाढते. मोडलेले हाड जुळले की नाही, हे क्ष-किरण सांगतात. स्वास्थ्य किती तोळे वाढले, हे कोणता तराजू सांगणार?

कायद्याचे जाळेही येथे सैल पडते. आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा १९५४ चा औषधे व जादूचे उपाय कायदा मुख्यतः विशिष्ट रोगांच्या यादीवर उभा आहे. मधुमेह बरा करतो म्हटले तर तो लागू होतो. उत्साह वाढवतो म्हटले तर त्याची पकड सुटते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षणाच्या कक्षेत आणली, हे मोलाचेच. पण जे वचन मोजताच येत नाही, त्याचा भंग सिद्ध कसा करावा?

हिशेब साधा आहे. एका बैठकीचे तीन हजार रुपये धरले, तर चाळीस बैठकांचे एक लाख वीस हजार होतात; शहरातील मुक्काम, प्रवास आणि बुडालेली मजुरी वेगळी. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी चौसष्ट टक्के भार कुटुंबांच्या खिशावर होता. २०२१-२२ मध्ये तो एकोणचाळीस टक्क्यांवर आला. हा भार मोठ्या कष्टाने खाली आणायचा आणि दुसऱ्या दाराने निरुपयोगी खर्च घरात घ्यायचा, यात शहाणपण नाही.

वाघिणीच कमी असतील तर

दुधनीच्या शरीराला प्राणवायू खरोखरच कमी पडतो काय? पुष्कळ घरांत पडतो. परंतु कारण निराळे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते. हवेत प्राणवायू भरपूर आहे; तो वाहून नेणाऱ्या वाघिणीच कमी आहेत.

येथे आकड्यांची तुलना डोळे उघडणारी आहे. हिमोग्लोबिन चौदा ग्रॅमवरून नऊ ग्रॅमवर आले, की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती सुमारे साडेसहा मिलिलिटरने घटते. तिप्पट दाबाच्या महागड्या कोठीत जेवढा प्राणवायू जादा विरघळतो, त्याहून ही घट थोडी अधिकच भरते. कोठीतील लाभ रोगी बाहेर येताच विरू लागतो. हिमोग्लोबिन भरून आले तर तो लाभ चोवीस तास, शेतात, चुलीपुढे आणि वर्गात टिकतो. लोह व फॉलिक आम्लाची गोळी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. जंतांचे औषध, पालेभाजी-कडधान्य, जेवणात लिंबाची फोड आणि जेवणाला लागून चहा न घेण्याची शिस्त एवढी जोड तिला हवी. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावीच होतो असे नाही, म्हणून रक्ताची तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. पण या तपासणीसाठी मुंबई गाठावी लागत नाही.

मग ही गोळी न खाल्ली जाण्याचे कारण काय? तिला जाहिरात नाही, चकाकती कोठी नाही, आणि फुकट मिळते ते हलके, अशी समजूत आहे. गोळीने पोट बिघडते, शौच काळे होते, ही तक्रार खरी असते. ती कोणी ऐकून घेत नाही, आणि गोळ्यांची पाकिटे फडताळात पडून राहतात. या ठिकाणी शिक्षकाचे काम सुरू होते. आठवड्याची गोळी वर्गात स्वतः देणारा आणि ती का द्यायची हे कन्नडमध्येही समजावून सांगणारा शिक्षक दुधनीच्या मुलींच्या रक्तात जेवढा प्राणवायू घालील, तेवढा कोणतीही दाबकोठी घालणार नाही.

दाबकोठ्या असाव्यातच, मोठ्या सरकारी रुग्णालयांतून त्या वाढाव्यात, आणि विषबाधेच्या, कोथाच्या, न भरणाऱ्या जखमेच्या योग्य रोग्याला त्या ऐपतीचा विचार न करता मिळाव्यात. दुधनीच्या मधुमेही शेतकऱ्याच्या पायाला जखम झाली, तर त्याला आधी साखरेचे नियंत्रण, रक्तवाहिन्यांची तपासणी, नियमित मलमपट्टी आणि योग्य पादत्राण मिळाले पाहिजे; त्यानंतर तज्ज्ञाने सांगितले तर कोठी. स्वास्थ्यासाठी कोठीत शिरू पाहणाऱ्या निरोगी माणसाने मात्र पैसे मोजण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हा उपचार कोणत्या निदानासाठी, त्याची तुलना कशाशी करून पाहिली, आणि आत आग लागली तर बाहेर कोण काढणार? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसे खिशात ठेवून घरातील स्त्रियांचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. कुटुंबाच्या प्राणवायूवर केलेला तो अधिक किफायतशीर खर्च ठरेल.